डोळे अगदी चांगले आहेत

माझ्या किश्शांना तुम्ही पोट धरधरून हसला आहात. वहिनीच्या डोळ्यांचा किस्सा तर फर्माईश करून ऐकलात. पण त्यातला अर्धा भाग मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. सांगू? नुसत्या विचारानं तोंडाला घाण चव येते.

नेवाशाजवळ आमचं गाव. बाळंतपणात वहिनीच्या अंगावरून इतकं रक्त गेलं, की ती वाचली हेच नवल. शुद्धीवर आली ती अंधारात. भाऊ उसाच्या ट्रकवर, म्हणून नगरला वहिनीला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांसमोर मी एकटाच बसलो. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत. आणि पुढे म्हणाले — रक्त न पोहोचल्यानं मेंदूचा बघणारा भाग दुखावलाय. समोरचं माणूस दिसणार नाही. हलतं काही कधीकधी जाणवेल.

दोन्ही गोष्टी मी ऐकल्या. नीट ऐकल्या.

घरी ओटा माणसांनी भरलेला. मी जत्रेत सोंगं घेणारा — मला राहवतंय होय? चष्मा नाकावर ओढून डॉक्टरांच्या आवाजात म्हणालो, "डोळे अगदी चांगले आहेत बरं का!" काय हशा पिकला! तिथेच थांबलो असतो तर... पण नाही. खांद्यावरचं उपरणं वहिनीच्या तोंडासमोरून सपकन फिरवलं. तिनं मान मागे घेतली.

"बघा! सोंग कसं असतं ते मला इचारा!"

"भावजी, कायतरी हललं... काय ते न्हाई कळलं," वहिनी म्हणाली. अगदी खरं बोलली. आणि ते खरं आहे हे त्या ओट्यावर एकट्या मला माहीत होतं. मी काय केलं? तिचंच वाक्य तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

आईनं तान्ही पोर तिच्या मांडीवरून उचलली. "कामं चुकवायला आंधळी झाली व्हय गं?" थोड्याच दिवसांत वहिनीला कर्जतला माहेरी धाडलं. भाऊ आईच्या शब्दाबाहेर नव्हता. पोर इथेच ठेवली. डॉक्टरांचं पुढचं बोलणं सांगायला मला असा किती वेळ लागला असता? पण मग किस्सा पडला असता. ना भीती, ना कुणाचा राग — नुसत्या हशासाठी. शी!

पोर आता सातवीत आहे. परवा तिनं विचारलं, "काका, आईला दिसत हुतं ना?"

दारात चार माणसं बसली होती. मी डोळा मारला. म्हणालो, "लख्ख!"

सगळे हसले. पोरही हसली.