बिनफोडणीचा पाहुणचार

निघताना दादाने माझ्या डब्यातल्या चकल्या काढून घेतल्या आणि त्या जागी गाजरं भरली. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. माझ्या या थोरल्या भावाला तेव्हा प्रकृती जपण्याचं वेड लागलं होतं. तेल म्हणजे विष, फोडणी म्हणजे अडाणीपणा, असं तो पुण्यात चारचौघांत ठणकावून सांगे. त्याच्या मुलासाठी, सुधीरसाठी, मुलगी पाहायला आम्ही दोघंच वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याला निघालो होतो. मुलीकडे त्याने मध्यस्थाकरवी आधीच निरोप धाडला होता : तळण नको, फोडणी नको, झटपट होणारं पौष्टिक काहीतरी करा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुलगावला मोठी गाडी सोडून आम्ही आर्वीच्या छोट्या गाडीत बसलो. ती इतकी सावकाश चालली होती की दोन्हीकडची फुटलेली कपाशी आणि फुलावर आलेली तूर निवांत पाहून झाली. समोरच्या शेतकऱ्याने भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. दादाने त्याला शेंगांतल्या तेलावर व्याख्यान दिलं.

"तेल असते म्हनूनच तं खातो, भाऊ," तो म्हणाला आणि सगळ्या शेंगा माझ्या ओच्यात ओतल्या.

मुलीचे वडील स्टेशनावर न्यायला आले होते. घर शेतकऱ्याचं, अंगण स्वच्छ सारवलेलं. मुलगी कुसुम, आर्वीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. आधीची दोन स्थळं हुकली होती, त्यामुळे आईचा जीव या तिसऱ्यावर टांगलेला. पुन्हा बोभाटा नको म्हणून तिने शेजारीही काही सांगितलं नव्हतं. ओसरीत बसून ती ढीगभर कांदा चिरत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

कुसुमने आमच्यासमोरच परात घेतली. मुरमुऱ्यांवर कच्चं तेल, तिखट, मीठ टाकून हलक्या हाताने चोळलं, मग भाजलेले दाणे, कांदा, मिरची आणि मूठभर सांभार (कोथिंबीर). चूल नाही, धूर नाही.

"यात तेल आहे," दादा म्हणाला.

"कच्चं आहे, काका. त्याबिगर तिखट चिकटत नाई."

तो कच्चा चिवडा मी दोनदा मागून घेतला. दादानेही घेतला, आणि भरल्या तोंडाने त्यातले गुण चिवडा करणारीलाच समजावून सांगू लागला. ती शहाणी, ऐकून घेत होती.

इतक्यात शेजारच्या दोन बायका झाकलेली ताटं घेऊन आत आल्या. ताटांत बेसन-भाकर (पिठलं-भाकरी) होती. थोरलीने कुसुमच्या आईला एकदम पोटाशी धरलं.

"काऊन वं, तुमचे आर्वीचे म्हातारे मोठे बुवा गेले का? सांगतलं नाई तुनं!"

आई गांगरली. "कोन गेलं? कोनी नाई गेलं!"

"मंग घरात पाव्हणे, तू डोळे पुसून राह्यली, आन् सकाळपासून कढई नाई, फोडणीचा वास नाई..."

आमच्याकडे काय आणि तिकडे काय, ज्या घरात माणूस जातं तिथे कढई चढत नाही, फोडणी पडत नाही; जेवण शेजारून येतं. बिचाऱ्यांनी शेजारधर्म पाळला होता. मला हसू आवरेना. पण दादा उठून उभा राहिला.

"मुलगी पाहायच्या वेळी सुतकाची भाकरी? हा अपशकुन आहे. हा विषय इथेच थांबवलेला बरा."

ज्याला फोडणी अडाणी वाटत होती, त्याला आता अपशकुन आठवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला भावाची इतकी लाज कधी वाटली नव्हती. कुसुमच्या वडिलांनी मान खाली घातली. आई हात जोडून त्याच्यासमोर उभी राहिली, आणि आता मात्र तिचे डोळे कांद्याने वाहत नव्हते.

कुसुमने आईचे जोडलेले हात सोडवले.

"माय, हात नोको जोडू. कढई आन."

तिने चूल पेटवली, तेल तापवलं आणि त्याच चिरलेल्या कांद्याची भजी सोडली. घरभर वास सुटला. पहिला घाणा तिने शेजारणींना दिला, दुसरा आम्हाला.

"खा, काका. तुमचा निरोप आला म्हनून आम्ही कढई नाई चढवली. तुमच्याच सांगण्यानं झालं, आन् दोष माह्या मायले? मले तुमच्या घरी नाई यायचं."

वडील पुढे झाले. त्यांनी माझ्या ताटात आणखी भजी वाढली.

परतीच्या वाटेवर दादा गाडीत भेटेल त्याला सांगत होता, मुलगी आम्हाला पसंत पडली नाही. घरी पोचल्यावर सुधीरलाही त्याने तेच सांगितलं.

"खोटं आहे," मी म्हणाले. "तिने आपल्याला नाकारलं." आणि सगळी हकिगत सांगितली.

सुधीर माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आत्या, बरोबर केलं तिने." मला वाटलं, आता हे बापालाही सांगेल. एवढा इंजिनिअर झालेला मुलगा! दादाने त्याच्यापुढे उकडलेल्या मुगांची वाटी सरकवली. सुधीरने ती निमूटपणे ओढून घेतली आणि चमचा उचलला.

रोहण्याची पोरगी थोडक्यात वाचली.