किलमोरीच्या पोटातली पिंपं

१९३९ साली युद्ध पुकारलं आणि स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या गोदीत एकच धांदल उडाली. 'किलमोरी' ही थाटाची प्रवासी बोट आरमाराने लढाऊ करायला घेतली होती. ज्या क्रेनने बोटीवरचा पियानो उतरवला, तिनेच तोफ वर चढवली! व्हिस्कीची पिंपं बांधणारा डगल्ड तर हरखूनच गेला होता. भोक पडलं तरी बोट तरंगावी म्हणून तिच्या पोटात रिकामी पिंपं ठासायची होती, आणि ती डगल्डची होती.

त्याचा धाकटा भाऊ लॅखी त्याच बोटीवर. कालपर्यंत सूप वाढायचा, आता तोफगोळे वाहणार होता.

"दादा, काय घाण मारतात रे तुझी पिंपं!" लॅखीने नाक दाबलं. दारूला शिवणार नाही, अशी त्याने लहानपणीच चर्चमध्ये शपथ घेतली होती.

"बुडायला लागलास की त्यांनाच मिठी मारशील, शहाण्या!"

दोघं हसले. आईमागे डगल्डनेच या पोराला वाढवलं होतं.

आणि नेमका तोच चुकला. रिकाम्या पिंपाचं लाकूड सुकून फटी पडू नयेत म्हणून आत बादलीभर पाणी ओतून बूच ठोकायचं, ही जन्माची सवय. हात आपोआप चालले. एका अधिकाऱ्याने पिंप लोटलं, तर आत पाणी डुचमळलं!

"बोट तरंगवायचीय की बुडवायचीय?" तो कडाडला.

धक्क्यावरची पिंपं डगल्डने घाईघाईने उपडी केली. बोटीच्या तळाशी आधीच रचलेली तशीच गेली. आपल्या मूर्खपणाने भावाची बोट जड झाली, या विचाराने तो हिवाळाभर झुरला.

वसंतात बातमी आली, किलमोरी बुडाली. डगल्डने हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच.

मग एका दुपारी दारात लॅखी उभा! वाळलेला, उन्हाने सोललेल्या नाकाचा.

"माझ्या पाण्याने बुडाली का रे?" डगल्डने आधी तेच विचारलं.

"जर्मन तोफांनी बुडाली. तुझ्या पिंपांनी आम्हाला होड्या सोडता येईपर्यंत तिला तरंगत ठेवलं. पण आमच्या होडीतला पाण्याचा साठा गोळ्याने फुटला होता. जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात बोटीच्या भोकातून निसटलेलं तुझं एक पिंप आलं तरंगत. हलवलं, तर आत पाणी! सगळी होडी त्यावर जगली, दादा." लॅखीचा चेहरा पडला. "फक्त माझी शपथ मोडली. पाण्याला व्हिस्कीची चव होती."

"कशी लागली?"

लॅखीने मागे वळून पाहिलं, कोणी ऐकत नव्हतं.

"फक्कड!"

डगल्ड हसता हसता मटकन खाली बसला आणि लॅखीचे गुडघे धरून ढसाढसा रडला.