बिनविरोध इंग्रजी

अजिनाथ सरांच्या हातात कुणी नारळ दिला, तर ते आधी त्याचं बटण शोधतील. फोडायचा विचार नंतर. माणूस तसा सरळ, निर्व्यसनी, उन्हाळ्यातसुद्धा शर्ट पँटमध्ये खोचणारा. पण यंत्र दिसलं की त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती लग्नाच्या मांडवातही आली नव्हती, असं खुद्द सविताताई सांगतात. आणि मांडवात त्यांच्यासमोर सविताताईच होत्या, म्हणजे साक्ष पक्की.

सर पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरड्याठाक गावचे. आईवडील दरसाल उसाच्या टोळीबरोबर कोयता घेऊन बाहेर. सर वसतिगृहात राहून शिकले, इंग्रजी घेऊन एम.ए. झाले आणि कायम नोकरीची वाट बघता बघता कानशिलं पिकली. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट मात्र लहानपणापासून रुतून बसली आहे. वडील कर्नाटकातल्या एका कारखान्यावर आजारी पडले, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, आणि अख्खी टोळी जमिनीकडे बघत उभी राहिली. वडील बरे झाले. पण त्या खाली गेलेल्या माना सरांना अजून दिसतात.

"आपल्या माणसाला इंग्रजी येत नाही असं नाही हो," ते मला सांगतात. "थोडंफार सगळ्यांना येतं. तो तोंड उघडत नाही, हे दुखणं आहे."

या दुखण्यावर औषध करायची संधी त्यांना नगरच्या एका संस्थेनं दिली. (जिल्हा अहिल्यानगर झाला, पण स्टँडवर उभा असलेला माणूस अजून 'नगर गाडी लागली का?' असंच विचारतो, त्यामुळे मीही नगरच म्हणतो.) संस्थेनं मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा इंग्रजी वर्ग काढला, तो नेमका माझ्या स्टेशनरीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. वरच्या प्रोजेक्टरची वायर खिडकीतून खाली माझ्या बोर्डात येते. ती कुणी उपटू नये म्हणून मी दुकान पोराच्या भरवशावर टाकून वर जाऊन बसायला लागलो, आणि मग बसतच गेलो. एवढी करमणूक पाथर्डीत दुसरीकडे कुठे फुकट मिळणार?

संस्थेनं सरांना एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून ते वेगळाच माणूस होऊन परतले. आता पडद्यावर प्रश्न यायचा, खाली चार उत्तरं. प्रत्येकानं आपल्या मोबाईलवर बोट ठेवायचं, की पडद्यावर रंगीत खांब डोळ्यांदेखत वाढायला लागायचे. कुणाचं उत्तर बरोबर आलं तर त्याच्या नावापुढे चांदणी, चुकलं तर रडकं तोंड. दर तीन प्रश्नांनी पहिला नंबर कुणाचा ते तुतारी वाजवून जाहीर.

"यात कुणी लाजून गप्प बसूच शकत नाही!" सर नाचायचे बाकी राहिले होते. "तोंड नाही उघडलं तरी बोट बोलतं!"

घरीही त्यांनी सविताताईंच्या मोबाईलवर प्रश्न पाठवला, 'आज भाजी कोणती? ए मेथी, बी पिठलं, सी वांगं, डी शेवगा.' सविताताईंनी उत्तर पाठवलं, 'ई. जे ताटात येईल ते.' हा धोक्याचा इशारा होता. सरांनी तो घेतला नाही.

वर्गातली मंडळी एकेक नग. पुढच्या रांगेत श्रीमंत मुकादम, ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर नेणारे. मिशा अशा की दोन्ही बाजूंना लिंबू ठेवावं. परराज्यातल्या कारखान्याचा साहेब फोनवर इंग्रजी झाडतो, म्हणून ते आले होते. त्यांच्या शेजारी रामहरी, मढी-मोहट्याच्या देवस्थानांच्या वाटेवर जीप चालवणारा; त्याला हैदराबादचे भाविक गाठायचे होते. आणि लंकाबाई. त्यांची पुण्याची सून आणि नातू, म्हातारीला कळू नये असं काही असलं की इंग्रजीत बोलतात. "तेवढंच मला कळलं पायजे," लंकाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाकी इंग्रजी तुमची तुमाला ऱ्हाऊ द्या."

पहिला प्रश्न पडद्यावर आला. दवाखान्याच्या खिडकीवर गेलात तर काय म्हणाल? चार उत्तरं. सर श्वास रोखून उभे. एकही बोट हलेना. सगळ्यांनी मुकादमांकडे पाहिलं. मुकादमांनी घसा साफ केला.

"मग काय, मंडळी? कसं करायचं?"

"तुमी म्हनाल तसं," लंकाबाई म्हणाल्या.

"मला बी बरं दिसतंय. रामहरी, तुझं काय म्हननं?"

"माझं काय नसतंय. तुमच्या शब्दाभायेर हाय का मी?"

"ठरलं तर. बी टाका."

पडद्यावर बीचा एकच खांब उगवला आणि कारखान्याच्या चिमणीसारखा थेट छताला गेला. बाकीचे तीन रकाने रिकामे. उत्तर साफ चूक. सगळ्या नावांपुढे ओळीनं रडकी तोंडं आली, आणि वर्गात टाळ्या पडल्या.

"मुकादम, हे काय केलंत?" सरांचा आवाज चिरकला.

"बिनविरोध झालं की, सर!" मुकादम मिशीला हात लावत म्हणाले.

इथं बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. मुकादमांच्या गावची ग्रामपंचायत मागच्या खेपेला बिनविरोध झाली, आणि तेव्हापासून गाव ताठ मानेनं फिरतं. समंजस माणसं आधी एकत्र बसतात, ठरवतात आणि मग बोट टेकवतात; वेगवेगळं बोट टेकवणं हे भावकीत फूट पडल्याचं लक्षण. पुन्हा एकट्यानं चुकलं तर बेअब्रू. सगळ्यांनी मिळून चुकलं तर तो ठराव. अशा माणसांपुढे सरांनी मतदानाचं यंत्र आणून ठेवलं होतं आणि त्यांची अपेक्षा काय, तर प्रत्येकानं आपल्या मनानं दाबावं!

सरांनी हार मानली नाही. त्यांनी पडद्यावरची नावं झाकली. मंडळींनी ठराव मोठ्यानं केला. त्यांनी खुर्च्या लांब लांब मांडल्या. रामहरी वाकून वाकून प्रत्येकाच्या कानाशी प्रचार करून आला. उत्तराची वेळ कमी केली, तर लंकाबाईंनी मुदतवाढ मागितली. शेवटी सरांनी नियम काढला, की पडदा चालू असेपर्यंत मराठीचा एक शब्दही काढायचा नाही, काय बोलायचं ते इंग्रजीत. त्या संध्याकाळी हॉलमध्ये देवळासारखी शांतता होती. सर खूश. मी मात्र मागून बघत होतो. मुकादमांनी कान खाजवला की ए, मिशी पिळली की बी, टोपी सरळ केली की सी.

"यंत्र चांगलं आहे हो," सर खाली माझ्या दुकानात येऊन कपाळ धरून बसले. "माणसंच त्याला जोडली जात नाहीत."

मग नगरहून रश्मी मॅडमचा फोन आला. संस्थेचे सगळे वर्ग त्यांच्याकडे. यंत्रातली उत्तरं त्यांना तिथं बसून दिसत. त्या म्हणाल्या, "सर, राग मानू नका. सगळ्यांची उत्तरं रोज तीच, एकाच क्षणाला. सगळ्यांचे मोबाईल तुम्हीच दाबता का?"

ज्या माणसानं आयुष्यात लग्नातल्या पंगतीतही दुसऱ्यांदा जिलबी घेतली नाही, त्याच्यावर बोगस मतदानाचा आळ! मॅडमनी पुढचंही सांगितलं. शनिवारी त्या स्वतः येऊन बघणार. प्रत्येक जण आपल्या मनानं भाग घेतो असं दिसलं तर वर्ग राहील. नाहीतर इंग्रजी बंद, हॉल शिवणाच्या वर्गाला.

त्या संध्याकाळी सरांनी पडदा लावलाच नाही. सरळ मराठीत सांगितलं. आळाचं सांगितलं, हॉलचं सांगितलं, कारखान्यावरच्या त्या डॉक्टरचंही सांगितलं. "मला तुमची बरोबर उत्तरं नकोत," ते म्हणाले. "चुका हव्या तेवढ्या. पण वेगवेगळ्या चुका. एवढी भीक घाला."

वर्ग गहिवरला. लंकाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मुकादम उठले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, तुमी काळजीच करू नका. आमी बगतो."

'काळजी करू नका, आमी बगतो' हे आमच्या तालुक्यातलं सगळ्यांत भीतीदायक वाक्य आहे. ते ऐकलं की मी आधी दुकानाचं शटर तपासतो.

शनिवारी रश्मी मॅडम आल्या. बोलणं मऊ, नजर धारदार. मागच्या खुर्चीवर माझ्याच शेजारी बसल्या. सरांनी नवाकोरा शर्ट खोचलेला, हातात ते पडदा बदलायचं छोटं रिमोट. पडदा उजळला, मराठी बंद झाली, पहिला प्रश्न आला. एसटी चुकली तर चौकशीच्या खिडकीवर काय विचाराल?

यावेळी कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कुणी कान खाजवला नाही. बोटं पटापट टेकली आणि पडद्यावर खांब उगवू लागले, एक नव्हे, चार! सरांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा दिवाळी पाहिली. खांब वाढत गेले आणि थांबले. चारही सारखे. गवंड्यानं ओळंबा लावून बांधल्यासारखे, तसूभर फरक नाही.

दुसरा प्रश्न. पुन्हा चार खांब, पुन्हा एका मापाचे. मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी रुमालानं मान पुसली.

रामहरी पाणी प्यायच्या निमित्तानं मागे आला आणि माझ्या कानाशी कुजबुजला, "जीपमधी बसून जागावाटप केलंय. ज्याला त्याला चिन्ह वाटून दिलंय. मुकादमाला डी, लंकाबाईला ए. भांडन न्हाई, तंटा न्हाई."

पण तंट्याची सोय सरांनीच करून ठेवली होती. शनिवारच्या धास्तीनं नवे प्रश्न रचताना त्यांचं भान इतकं सुटलं होतं, की प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर त्यांनी पहिलंच टाकलं होतं. ए, ए, ए. तिसऱ्या प्रश्नानंतर तुतारी वाजली. पडद्यावर सगळ्यांत वर लंकाबाई, पुढे चांदण्याच चांदण्या. सगळ्यांत खाली श्रीमंत मुकादम, पुढे रडक्या तोंडांची रांग. ए सोडून सगळेच चुकलेले, पण तळाला नाव एकट्या मुकादमांचं. तेही नगरच्या मॅडमपुढे.

मुकादम उठले. मिशा थरथरत होत्या. मराठी बंद होती, आणि मुकादम नियमाला पक्के.

"सर! धिस नॉट फेअर! आय नो ए! थ्री टाइम आय नो! दे गिव्ह मी डी!"

लंकाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "नोबडी गिव्ह! यू टेक! यू से, आय बिग मॅन, गिव्ह मी लास्ट वन!"

"आय सॅक्रिफाइस!"

"व्हॉट सॅक्रिफाइस? यू सी आय गेट स्टार, युवर स्टमक पेन!"

"मुकादम, सिट, सिट," रामहरी मधे पडला. "मॅडम लुकिंग."

"यू शट अप! युवर जीप नो ब्रेक!"

"माय जीप गुड ब्रेक!" रामहरीचा आवाज चढला. "युवर ट्रॅक्टर नो लाइट! इन नाइट, ऑल पीपल फॉल इन डिच!"

"विच पीपल? टेल नेम!"

"माय ब्रदर-इन-लॉ!"

"युवर ब्रदर-इन-लॉ ड्रंक!"

मागच्या रांगाही उठल्या. कुणी मुकादमांच्या बाजूनं, कुणी लंकाबाईंच्या. जो माणूस वर्षभर 'गुड इव्हनिंग'च्या पलीकडे गेला नव्हता, तो हात उगारून 'लिसन टू मी' म्हणत होता. सर रिमोट दाबत सुटले होते. पडद्यावर चौथा प्रश्न आला, पाचवा आला, 'थँक यू'सुद्धा येऊन गेलं. पडद्याकडे बघतंय कोण?

"प्लीज! वन बाय वन! प्लीज!" सर ओरडले. मग घाम फुटला, शर्ट पँटमधून सुटला, आणि त्यांचा बांधही. "अरे गप बसा की रे आता! घालवला माझा वर्ग!"

लंकाबाईंनी सरांकडे बोट दाखवलं.

"सर! नो मराठी!"

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला होता. तो काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्या उठून पुढे आल्या.

"सर, ते सारखे खांब कसे उभे राहिले ते माझ्या लक्षात आलंय. ते पुन्हा नको. वर्ग चालू राहील. मी पाहिलेल्या वर्गांत एवढं बोलणारा दुसरा नाही."

सरांनी हात जोडले. सुटकेनं ते मटकन खुर्चीत बसले.

"फक्त एक," मॅडम म्हणाल्या. "हा प्रोजेक्टर इथं उगाच अडकून पडलाय. जामखेडच्या वर्गाला पाठवते. तिथं कुणी तोंडच उघडत नाही."

सरांनी वर पाहिलं. एवढा हताश चेहरा मी पाहिला नव्हता. वर्ग वाचला होता, आणि ज्याच्या जोरावर तो वाचवायचा होता तेच चाललं होतं.

प्रोजेक्टर रामहरीच्याच जीपनं गेला. सरांनी तो स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवला आणि रामहरीला खिडकीतून विचारलं, "ब्रेक लागतात ना रे खरंच?"

आता वर्ग कोऱ्या भिंतीपुढे भरतो. सर फळ्यावर खडूनं प्रश्न लिहितात, खाली ए, बी, सी, डी. तो कुणी वाचत नाही. मंडळी येतात, बसतात आणि गेल्या दिवशीचं भांडण अर्धवट राहिलेल्या जागेवरून इंग्रजीत उचलतात. माझ्या दुकानातल्या गिऱ्हाईकांना वाटतं, वर परदेशी पाहुणे आलेत. "यात माझं शिकवणं कुठं आहे, सांगा ना," सर मला विचारतात. त्यांना खरंच वाईट वाटतं.

एक वस्तू मात्र जामखेडला गेली नाही. ते छोटं रिमोट सरांच्या खिशातच राहिलं. विसरून की कसं, ते मी विचारलेलं नाही. गलका फार वाढला की ते खिशातून बाहेर येतं. परवाही आलं. सरांनी हात लांब केला, लंकाबाईंवर नेम धरला आणि पुन्हा पुन्हा बटण दाबलं.

लंकाबाई भांडता भांडता थांबल्या. काळजीनं त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "सर, बॅटरी फिनिश?"

आणि पुन्हा मुकादमांकडे वळल्या.