बोरकुटे सरांची पट्टी आणि एक सही

प्राध्यापक मनोहरराव बोरकुटे यांना मी प्रथम पाहिलं तेव्हा ते प्रयोगशाळेतल्या टेबलावर चढून उभे होते. पदार्थविज्ञान विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून, तेही तात्पुरता, मी त्याच दिवशी रुजू होत होतो. दारात मला पाहताच सरांनी ओठांवर बोट ठेवलं. "हलू नको गा," ते कुजबुजले, "पाय कसा उचलून राहिली, थे पाहू दे." भिंतीवर पाल होती.

पालीच्या पायाला डिंक नसतो, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तिच्या बोटांखाली अतिशय बारीक केसांच्या रांगा असतात. ते केस विटेच्या खाचाखोचांत शिरतात, पृष्ठभागाच्या अगदी जवळ जातात आणि त्या जवळिकीनंच पकड घेतात. बाजारातली चिकटपट्टी काचेवर बसते, पण विटेवरून नागपूरच्या उन्हात तासाभरात गळून पडते. सरांना विटेवर बसणारी, कोरडी, काढून पुन्हा लावता येणारी पट्टी हवी होती. मेणाच्या पाटीवर सुईनं तिरपी भोकं पाडायची आणि त्यांत रबराचा चीक ओतायचा, असं त्यांनी सात वर्षं केलं. केस लांब झाले की गुंता व्हायचा, आखूड झाले की पोचायचेच नाहीत. लोक त्यांना 'पालवाले' म्हणत. सरांच्या या गौरवग्रंथात ज्यांनी त्यांना 'ऋषितुल्य' म्हटलं आहे, त्यांतलेही काही म्हणत.

सरांच्या मायेबद्दल एकच सांगतो. मला विषमज्वर झाला तेव्हा ते रोज सायकल हाणत बेसाला, म्हणजे तेव्हाच्या आमच्या आडगावात, मोसंबी घेऊन यायचे. आईला म्हणायचे, "बाई, याले उठवू नका, मी बसतो इथंच."

अखेर दोन बोटं रुंदीच्या एका पट्टीनं प्रयोगशाळेच्या उघड्या विटेच्या भिंतीवर अख्खी वीट सकाळपासून मधल्या सुट्टीपर्यंत तोलून धरली. अनुदान समिती पाहायला येणार असं ठरलं. सर पुतण्याच्या लग्नासाठी मौद्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. आमच्याकडे कुठलीही समिती आली की भिंतींना चुना आणि खाली गेरूचा पट्टा मारतात. कुणी सांगावं लागत नाही. मीही मोठ्या हौसेनं ती भिंत पांढरीशुभ्र करून घेतली.

सर परतले ते समितीच्या पाच मिनिटं आधी. त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं, बोटाला लागलेली भुकटी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बाहेरच्या विटेवर दाखवतो," ते समितीला म्हणाले. "ऊन आहे, इथंच दाखवा," अध्यक्ष म्हणाले. पट्टी तीनदा लावली, तीनदा चुन्यासकट खाली आली. "तुमची पाल आजारी दिसते," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. विभागप्रमुख हसले. मीसुद्धा हसलो. या हसण्याची मला आजही किळस येते.

समितीनं 'कामात तथ्य नाही' असं लिहिलं. सरांनी फेरतपासणीचा अर्ज तयार केला. भिंतीला आदल्या दिवशी चुना दिला होता, एवढं मी त्यावर सहीनिशी लिहून द्यायचं होतं. ते लिहिलं असतं तर समितीला पुन्हा यावं लागलं असतं. पण माझ्या नेमणुकीचा कागद तेव्हा विभागप्रमुखांच्या टेबलावर होता आणि ते मला म्हणाले होते, "कायम व्हायचं आहे ना तुले?" सर अर्ज घेऊन आले तेव्हा मी म्हणालो, "पाहतो सर." त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. "राहू दे गा," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. प्रयोगाच्या त्या खोलीत पुढे तुटक्या खुर्च्या आल्या. मेणाच्या पाट्या कुणीतरी वितळवल्या. सर निवृत्तीपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांकडून लंबकाचे झोके मोजून घेत राहिले.

मी मात्र कायम झालो. माझ्या अर्जावर सर्वांत चांगला अभिप्राय बोरकुटे सरांचा होता. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून आज सर्वांसमक्ष लिहितो: पट्टी खोटी नव्हती. भिंत मी बिघडवली आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा तोंड शिवून बसलो. सोहळ्यात आपण सरांना शाल देऊ. ती खोली आणि ती वर्षं द्यायची आपली ऐपत नाही. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, सूक्ष्मदर्शकात त्यांना आता धुकं दिसतं.

सरांना निरोगी, शांत, उदंड आयुष्य लाभो. त्यांचं काम पुन्हा सुरू होवो, असं म्हणायला मला तोंड नाही.