निवाल्दोचं मोठं इंजिन

माझा दीर निवाल्दो आमच्या बेटावरच्या कार्देनास गावात भाड्याची गाडी चालवतो. गाडी सासऱ्यांच्या वेळची, अमेरिकन, गलबताएवढी. तिच्यात दहा माणसं कोंबून मातान्सास शहरात पोचवायची, यावर आम्हा तिघांचं घर चालतं: निवाल्दो, सासूबाई झोइला आणि मी. निवाल्दो बोलायला कंजूष. त्याने लग्न केलं नाही. गाडीने सवत येऊ दिली नाही, असं शेजारणी म्हणतात.

गाडीचं मूळचं इंजिन मात्र माझ्या नवऱ्याने, रिगोने नेलं. ज्या उन्हाळ्यात निम्मा गाव अमेरिका गाठायला समुद्रात उतरला, तेव्हा रिगोने ते उचकटून पिंपांच्या तराफ्यावर बसवलं आणि एकटाच उत्तरेला गेला. निवाल्दो तेव्हा सैन्यात होता. पुढे ना फोन, ना निरोप. सासूबाई म्हणत, तो मायामीत आहे, लाजेने बोलत नाही. मी म्हणायची, लाज कसली, दुसरी केली असेल मेल्याने; जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वर्षानुवर्षं हाच वाद. तो जिवंत आहे, यावर मात्र दोघींचं एकमत होतं, आणि त्यावरच आम्ही तगून होतो.

गाडीत मग एक चिमुकलं रशियन इंजिन आलं. चढ आला की निम्मे उतारू उतरून चालायला लागत. "काय रे, म्हातारीला खांदा द्यायचा का?" असं विचारत. यंदा ते पारच दमलं, तेव्हा निवाल्दो मोठं इंजिन शोधायला निघाला. त्याला कुणीही काहीही गळ्यात मारतं, म्हणून मीही गेले.

किनाऱ्यावरच्या एका गावात ब्लास नावाच्या कोळ्याच्या पडवीत तीन इंजिनं होती. रशियन ट्रकचं डिझेल, एका जपानी व्हॅनचं जवळजवळ नवं, आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली जुनं सहा सिलिंडरचं. डिझेलच घ्यायचं ठरलं होतं. निवाल्दो त्याच्यावर वाकलाही होता. मग कुणी हाक मारावी तसा तो वळला, कोपऱ्यात गेला आणि गोणपाटावर तळवा ठेवून उभा राहिला.

"हे चालतं?"

"चालतं," ब्लास म्हणाला. "पण डिझेल घे, बाबा. हे राहू दे."

"विकायचं नाही तर ठेवलंस कशाला?" मी म्हटलं. ब्लासने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

कुठून आलं, हे आम्ही विचारलं नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, तसं आमच्याकडे सुट्या भागाचं घर विचारत नाहीत. विचारायला लागलो तर सगळ्या बेटावरच्या गाड्या उभ्या राहतील.

तेच विकत घेऊन घरी आलो आणि अंगणातल्या आंब्याला साखळी बांधून इंजिन टांगलं. मी ते घासलेटने पुसलं. सकाळी त्यावर पुन्हा पांढरं मीठ. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. आमचा कुत्रा शेजाऱ्यांकडे राहायला गेला. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय गं?"

"इंजिन आहे, आई."

"इंजिन नव्हे. माणूस." त्यांनी कॉफीचा एक पेला जास्तीचा भरला.

परक्या गाडीचं इंजिन सरळ बसत नाही. कापावं लागतं, ठोकावं लागतं, शिव्या घालाव्या लागतात. निवाल्दोने त्यासाठी ड्रिल मागून आणलं होतं. साखळी सैल सोडली आणि इंजिन गाडीत खाली गेलं, आतून कुणी धरून घेतल्यासारखं. चासीत डाव्या बाजूला एक वाकडं भोक होतं. ते कशासाठी, हे कुणाला माहीत नव्हतं. इंजिनाच्या डाव्या पायाला कुणीतरी लोखंडी पट्टी जोडली होती. तिचं भोक आणि हे भोक तंतोतंत जुळलं. निवाल्दोने बोल्ट हातानेच आत सरकवला आणि तसाच वाकून राहिला.

"बसलं ना? मग चेहरा का असा?"

"असं बसत नसतं, नेरेइदा."

मी वाकले. पट्टीवरचं मीठ नखाने खरवडलं. खाली हिरवा रंग, त्यात ठोकलेलं इवलंसं फूल. त्याच्या जोडीची फुलं माझ्या खोलीत आहेत, माझ्या लग्नाच्या पलंगावर. इंजिनाच्या पायापाशी चासी तडकली तेव्हा लोखंड कुठेच मिळेना, म्हणून रिगोने पलंगाची पट्टी कापली होती. "आपल्या दोघांपुरता उरलाय की!" म्हणून हसला होता. पलंगाच्या त्याच्या बाजूला पट्टीच्या जागी अजून दोरी बांधलेली आहे.

निवाल्दो हात न धुताच ब्लासकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा सुट्या भागाचं घर विचारायला. दुपारी परतला आणि पायरीवर बसला.

"तराफा आपणहून खाडीत शिरला, म्हणाला. इंजिन धडधडत होतं. पिण्याचं पाणी होतं, टोपीसुद्धा होती. माणूस नव्हता."

"म्हणजे निघाला आणि लगेच..."

"नाही. तीन दिवसांनी." त्याने तळव्यावरचं तेल पायरीला पुसलं. "सुकाणू दोरीने बांधलं होतं. आपल्या किनाऱ्याकडे वळवून."

सासूबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "चालू कर," त्या म्हणाल्या.

निवाल्दोने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला अंगण त्या जाड आवाजाने भरलं. सासूबाईंनी बोनेटवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "वळला होता."