पाड्यावरची बुधी

आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीतला हिरामण एरवी तोंड उघडत नाही. त्यामुळे तो स्वतःहून, "भाऊ, पाड्यावर बोहाडा हाय, या. ती मोठी टोपी पण आणा, ऊन लय असतं," असं म्हणाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बोहाडा म्हणजे देवादिकांची सोंगं घेऊन नाचायचा डोंगरातला उत्सव. फुकटचं जेवण आणि भरपूर फोटो, एवढाच विचार करून मी निघालो.

नाशिकहून पेठची एसटी धरा. सावळघाटात पोट ढवळतं, म्हणून मिसळ परतीच्या वाटेवर खा. मी जाताना खाल्ली. पेठहून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि चालकाच्या मते ती कधीच भरत नाही.

हिरामणच्या आईने, ठकी आजीने, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली आणि मला नवरदेवासारखं न्याहाळलं. मग सांगू लागली. इंग्रजांच्या काळात पाड्यातले लोक जंगल सोडेनात, म्हणून साहेबाने शिपाई आणून अख्खा पाडा मारला. कुठल्याही पुस्तकात त्याची ओळसुद्धा नाही. रानात लपून जे वाचले, त्यांनी मेलेल्यांची नावं बोहाड्यात जपली. सोंगातला साहेब गोळ्या घालतो, सगळे पडतात, मग एकेक जण आपल्या पूर्वजाचं नाव घेत उठतो. एका घराचं मात्र कोणीच उरलं नाही. त्या घरातली बुधी नावाची लहान पोर तेवढी लोकांच्या लक्षात आहे. तिच्या नावाने पाहुणा उठतो.

"गेल्या साली पाहुणा आला नाय," आजी म्हणाली. "पोर तशीच पडून राहिली."

साहेबाचं सोंगही शक्यतो पाहुण्यानेच घ्यायचं, कारण पाड्यातलं कोणी खुशीने त्याला हात लावत नाही. हिरामण खाली मान घालून भाकरी मोडत होता. लबाड!

दिवस कलताना मला लाकडी मुखवटा चढवला, वर माझीच टोपी, हातात बांबूची बंदूक. मी 'ठो' म्हटलं की लोक पडायचे. एका म्हातारबाबांनी पडण्यासाठी आधी सावली शोधली, तोवर मला थांबायला लावलं. मग बायका शेणाचे गोळे घेऊन माझ्यामागे लागल्या. त्यांचा नेम उत्तम आहे. शेवटी मुखवटा काढून मी बुधीच्या रिकाम्या जागेवर आडवा झालो.

नावं येऊ लागली. धर्मा. सोमी. लक्ष्या. प्रत्येक नावासरशी एक माणूस उभा राहत होता. सगळे उठले आणि माझ्याकडे बघू लागले. मी छातीपर्यंतच्या दाढीसकट उठलो आणि ओरडलो, "मी बुधी!"

अख्खा पाडा पोट धरून हसला. आजीसुद्धा. एवढं हसण्यासारखं काय आहे, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"पोर उठली," ती डोळे पुसत म्हणाली, "मंग रडू का?"

घरी बायकोला हे सांगताना मलाच रडू आलं. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "बुधी, जेवणार का?"

पाड्याच्या रीतीप्रमाणे पुढचा पाहुणा येईपर्यंत हे नाव माझ्याकडे असतं. तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल तर जरूर जा, हिरामण वाट दाखवेल. कोणीच निघालं नाही तर मी जाईन. त्या पोरीला मी आता पडून राहू देणार नाही.