कापराची पुरचुंडी

सनीव्हेलच्या घरात आज आरतीसाठी कापराची डबी उघडली आणि बोलिव्हियातला तो गारठलेला ट्रक आठवला. उंचावर दम लागू नये म्हणून नवऱ्याने, समीरने, रुमालात कापूर बांधून आणला होता. ट्रकमधले सगळे अनोळखी प्रवासी तो आळीपाळीने हुंगत होते. लाल पाण्याचं सरोवर आलं तेव्हा मी पार थकले होते. म्हणाले, "मी नाही उतरत. फोटो काढून आण, त्यातच बघते."

तो कुडकुडत परतला. थंडीने फोन बंद पडला होता. मग दात वाजत असताना त्याने मला ते पाणी, एका पायावर झोपलेले रोहित पक्षी, सगळं सांगितलं.

हल्ली तो ऑफिसच्या कामाने सतत फिरतो. परतल्यावर मी विचारते, "कसं होतं रे?"

"फोटो पाठवले की," तो म्हणतो.